शूटिंगवाल्याच्या हार्ड डिस्कमधलं जालना

तुळशीची लग्नं लागली की नवीन जालन्यातल्या शूटिंगवाल्यांचे कामाचे दिवस सुरू होतात. साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण अशा ऑर्डरी एकामागून एक येतात. दाट तिथीला दोन-तीन कार्यं एकदम आली की जोडीला दुसरा माणूस शोधायचा, ड्रोनवाला सांगायचा, जास्तीचा कॅमेरा भाड्याने आणायचा. आषाढ लागला की हा ओघ आटतो. मग गणपती, नवरात्र, शाळांची गॅदरिंग, शिवजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका, हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, दुकानाचं उद्घाटन, एखाद्या कारखान्याची माहितीफीत, निवडणूक असेल तर उमेदवाराच्या रील्स यांवर वर्ष काढायचं. ठरलेला पगार नाही. इसार हातात पडला की तारीख पक्की. पाऊस बरा झाला तर गावातली लग्नं थाटात होतात आणि शूटिंगचं बजेट वाढतं. कपाशी-सोयाबीन हातचं गेलं की पहिली कात्री शूटिंगलाच लागते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मध्यम शहरात दिसणारा हा धंदा मंडप, बँड आणि केटरर यांच्याच रांगेत मोजला जातो, आणि कार्य उरकलं की विसरला जातो. या लेखात मांडायचं आहे ते हे, की याच धंद्यातून आपल्या शहरांची एकमेव सलग दृश्य-नोंद तयार होत आहे. शहराने तिला दस्तऐवजाचा मान द्यावा, ती जपावी, आणि तिच्यातल्या रिकाम्या जागा भरण्यासाठी स्वतःचे चार पैसे खर्च करावेत.

हे जालन्याच्या संदर्भात बोलण्याला कारण आहे. कुंडलिका नदीने या शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर पूर्वीच्या कादराबादपासून वाढत गेलेला नवीन जालना. पोलीस ठाण्यांची नावंही तीच वाटणी सांगतात: एक कदीम जालना, दुसरं सदर बाजार. नवीन जालना हा व्यापाराचा काठ, बाजारपेठांचा आणि पेढ्यांचा. निजामाच्या राज्यातलं हे गाव एकेकाळी इंग्रजांच्या देखरेखीखालच्या फौजेची छावणी होतं. १९०० च्या सुमाराला इथे रेल्वे आली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानाबरोबर ते स्वतंत्र भारतात आलं आणि १ मे १९८१ ला स्वतंत्र जिल्ह्याचं ठाणं झालं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे ‘महिको’ सुरू केली आणि जालन्याचं नाव बियाण्यांसाठी देशभर गेलं. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे पोलादाच्या सळ्यांचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर बिहार-उत्तर प्रदेशातले कामगार. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांवर होती, २०२३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. पण या एवढ्या घडामोडींची चित्रं मागायला गेलं तर हाती काय लागतं? सरकारी समारंभांचे काही फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, आणि घराघरांतले अल्बम. लिहिलेला इतिहास आहे, दिसणारा इतिहास फार थोडा.

बाहेरचा कॅमेरा जालन्यात येतो तो बातमीसाठी. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आला, कारण महाराष्ट्रात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवणारे शेतकरी आणि टँकरभोवतीच्या घागरी देशाने पाहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि वाहिन्यांच्या गाड्यांनी गाव भरून गेलं. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, तेव्हाही कॅमेरे होते. या तिन्ही वेळी बाहेरच्या पत्रकारांनी आपलं काम केलं, त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. मात्र बातमीचा कॅमेरा अपवादाच्या दिवशीच येतो आणि अपवाद संपला की जातो. त्याच दुष्काळाच्या आगेमागे घाणेवाडी जलाशयातला गाळ लोकांनी एकत्र येऊन काढला, ते काम महिनोन्‌महिने चाललं. अंगारकीच्या रात्री राजूरच्या गणपतीला हजारो माणसं पायी जातात. आषाढी एकादशीला जुन्या जालन्यात आनंदीस्वामींची पालखी निघते, धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक. या दिवशी कॅमेरा धरून उभा असतो तो गावचाच माणूस. राष्ट्रीय वाहिनीच्या संग्रहात जालना म्हणजे तहान आणि आंदोलन. शूटिंगवाल्याच्या हार्ड डिस्कमध्ये जालना म्हणजे माणसांचं वर्षभराचं जगणं. पन्नास वर्षांनी यांपैकी एकच संग्रह उरला, तर त्या वेळच्या लोकांना आपलं गाव कसं होतं असं वाटेल, याचा विचार आजच करायला हवा.

गावचा कॅमेरा आणि सिनेमाचा इतिहास यांचं नातं नवं नाही. आपल्याकडे सिनेमा म्हटलं की दादासाहेब फाळके आणि १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती टिपली. हेच ते सावेदादा. १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईत झालेलं त्यांचं स्वागतही सावेदादांनी चित्रित केलं. म्हणजे भारतीय माणसाने हाती घेतलेल्या चलच्चित्रणाची सुरुवात कथेपासून झाली नाही. एका शहरातली कुस्ती आणि एका मुलाचा सत्कार यांपासून झाली. नवीन जालन्यातला शूटिंगवाला आज जे करतो, अगदी तेच काम. सावेदादांच्या त्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. १८९९ च्या मुंबईतले पैलवान कसे उभे राहत, प्रेक्षक डोक्याला काय बांधत, कुस्ती निकाली झाल्यावर गर्दी कशी उसळे, हे आपण कायमचं गमावलं. तेव्हा त्या फिती जपाव्यात असं कुणाला वाटलं नसेल, तर त्याचं कारणही सरळ आहे: ज्यांनी कुस्ती डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना तिच्या चित्राची मातब्बरी ती काय वाटणार?

जे आपण गमावलं, ते दुसऱ्या एका ठिकाणी निव्वळ योगायोगाने वाचलं. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावात सॅगर मिचेल आणि जेम्स केनियन या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रणाचा धंदा केला. जत्रेत तंबू लावणारे खेळवाले त्यांना ऑर्डर देत: गिरणी सुटतानाची गर्दी, शाळेची मिरवणूक, फुटबॉलचा सामना, रस्त्यावरून जाणारी ट्राम टिपा. मग तेच चित्र संध्याकाळी त्याच गावातल्या लोकांना पैसे घेऊन दाखवायचं. आपला चेहरा पडद्यावर दिसावा म्हणून लोक तिकीट काढत. धंद्याचं गणितच ते असल्यामुळे कॅमेऱ्यासमोर जितके जास्त चेहरे, तितकी जास्त तिकिटं. जत्रा पुढच्या गावी गेली की त्या फितीचं काम संपलं. १९९४ मध्ये त्यांच्या जुन्या दुकानाच्या इमारतीचं काम चालू असताना तळघरात लोखंडी पिंपं सापडली आणि त्यांत आठशेच्या आसपास मूळ फिती निघाल्या. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्या दुरुस्त केल्या, २००५ मध्ये बीबीसीने त्यांवर मालिका केली. आता इतिहासाचे अभ्यासक त्या फिती चौकट-चौकट थांबवून पाहतात. गिरणीच्या दारातून बाहेर पडणारी मुलं किती लहान आहेत, बायकांच्या खांद्यावरच्या शाली कशा आहेत, पायात लाकडी तळव्याचे जोडे आहेत, कोण हसतं आणि कोण तोंड लपवतं, हे सगळं त्यांत आहे. एका दिवसाच्या कमाईसाठी केलेलं काम शंभर वर्षांनी एका देशाच्या कामकरी वर्गाची सर्वांत जिवंत नोंद ठरलं. ते टिकलं ते मात्र कुणाच्या शहाणपणाने नव्हे, पिंपांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून. जालन्यासारख्या शहराने अशा योगायोगावर भिस्त ठेवण्याचं कारण नाही.

आता आपल्याकडच्या एखाद्या साध्या लग्नाचं चित्रण जवळून पाहू. शूटिंगवाल्याचं लक्ष नवरा-नवरीवर असतं, पण भिंग त्यांच्याभोवतीचंही सगळं उचलतं. मंगलाष्टका चालू असताना पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कुणाला बसवलं आहे, माइकवरून कुणाकुणाची नावं सत्कारासाठी पुकारली जात आहेत, अक्षता टाकायला कोण मांडवाच्या कडेलाच थांबलं आहे, यात गावातल्या मानपानाची आणि राजकारणाची अख्खी उतरंड असते. पंगतीतली ताटं जाऊन बुफेची टेबलं कधी आली, सनई-चौघडा जाऊन डीजे कधी आला, नऊवारीतल्या आज्या चित्रातून हळूहळू कधी कमी झाल्या, फेटे कधीपासून सगळ्या वऱ्हाडाला बांधायला लागले, याचा शोध लावायला दुसरं साधन नाही. आवाज तर आणखी मोलाचा. नवीन जालन्यातल्या कार्यात मराठवाडी मराठी, मारवाडी, दखनी वळणाची उर्दू-हिंदी एकाच मांडवात ऐकू येते. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये ती आपोआप साठते. आणि नेमकं हेच संकलनात सर्वांत आधी जातं. तीन मिनिटांच्या हायलाइटमध्ये मूळ आवाज काढून त्यावर सिनेमातलं गाणं चढवतात, तास-दीड तासाच्या फिल्ममध्येही बोलण्याचा भाग फारसा ठेवत नाहीत. घरच्यांच्या हाती पडतो तो पेनड्राइव्ह म्हणजे पूर्ण नोंदीचा एक छोटा, सजवलेला तुकडा.

उरलेल्याचं काय होतं, हे गणितानेच कळतं. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने फोर-के चित्रण केलं तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले तर एका लग्नाचे ४५० जीबी झाले, ड्रोन वेगळाच. म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये दोनच लग्नं मावतात. लग्नसराईत वीस-पंचवीस ऑर्डरी घेणाऱ्याने सगळं जपून ठेवायचं म्हटलं तर कमाईतला मोठा वाटा डिस्क घेण्यातच जाईल. त्यामुळे फिल्म दिली, राहिलेले पैसे मिळाले, की कार्ड पुसायचं आणि डिस्क रिकामी करायची, हाच शहाणा व्यवहार ठरतो. जुन्या काळच्या चित्रणाचं दुखणं निराळं. व्हीएचएस कॅसेटवरचं चुंबकीय लेपण वर्षांगणिक झिजतं, दमट हवेत त्याला बुरशी धरते. शिवाय ती पाहायची कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेपा डिजिटल झाल्या नाहीत त्या बहुतेक गेल्याच समजा. ती मुदत उलटून गेली. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकातलं जे काही टेपवर आहे, त्यात मराठवाड्यातली शहरं खेड्यासारखी असतानाचे रस्ते, छोट्या लाइनची मोठी लाइन होत असतानाची स्टेशनं आणि आज हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. त्या टेपा कपाटांच्या वरच्या कप्प्यात आहेत आणि दर पावसाळ्यात थोड्या थोड्या नष्ट होत आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लग्नाची शूटिंग म्हणजे तेच ते. हार, अंतरपाट, सप्तपदी, पाठवणी. एक पाहिलं की शंभर पाहिल्यासारखं. शिवाय सगळं सजवलेलं, कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेतलेलं, त्यात खरं ते काय? आक्षेपातलं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. तोच विधी, त्याच गावात, वर्षानुवर्षं, त्याच क्रमाने टिपलेला असणं ही तर अभ्यासकाला मिळणारी दुर्मीळ सोय आहे. हवामानाच्या नोंदी उपयोगी पडतात त्या रोज त्याच वेळी, त्याच जागी घेतल्या म्हणून. विधी स्थिर राहतो म्हणूनच भोवतालचा बदल मोजता येतो. सजावटीबद्दलही तेच. माणसं काय लपवू पाहतात आणि काय मिरवू पाहतात हे कळणं, ही माहितीच आहे. जालन्यातल्या एखाद्या कुटुंबाला प्री-वेडिंग शूटसाठी कुठली पार्श्वभूमी हवीशी वाटते, मुलगी त्यात मोटारसायकल चालवते की मागे बसते, पडद्यावर ते दाखवायला सासरचे तयार होतात की नाही, यावरून त्या दशकाच्या इच्छा आणि मर्यादा दोन्ही कळतात.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग शूटिंगवाल्याच्या नोंदीचं एवढं कौतुक कशाला? मोबाइलने मोठं काम केलं आहे हे मान्यच करायला हवं. अंतरवाली सराटीतली दृश्यं त्याच संध्याकाळी राज्यभर पोहोचली ती हातोहात फिरणाऱ्या क्लिपांमुळे. क्षणाला साक्षीदार मिळवून देणं मोबाइलला जमतं. पण क्लिप वीस-तीस सेकंदांची, आडवी की उभी याचा पत्ता नाही, कुणी काढली माहीत नाही, फॉरवर्ड होता होता तिचा दर्जा उतरतो, तारीख पुसते, आणि मोबाइल बदलला की मूळ चित्रण जातं. तीच क्लिप वर्षभराने दुसऱ्याच गावाच्या नावाने फिरू लागली तर खोटं ठरवायला आधार उरत नाही. ऑर्डर घेऊन काम करणाऱ्या माणसाजवळ मात्र तारीख असते, ठिकाण असतं, ऑर्डर देणाऱ्याचं नाव असतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं सलग चित्रण असतं आणि ऐकू येईल असा आवाज असतो. पुरावा म्हणून या गोष्टींना किंमत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थ इथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावाच्या मंदिरातून, जुन्या मूर्ती चोरीला गेल्या आणि पुढे पोलिसांनी शोध लावून त्या परत मिळवल्या. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो मूर्ती दिसायला नेमकी कशी आहे हा. ज्या देवळाच्या वार्षिक उत्सवाचं नीट चित्रण आहे, त्याच्यापाशी उत्तर तयार असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पैसे देतो त्याचंच चित्रण होतं, तेव्हा ही नोंद पैसेवाल्यांची नोंद आहे. पोलाद कारखान्याच्या भट्टीपाशी काम करणारा परप्रांतीय कामगार, दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखात जाणारं ऊसतोड कुटुंब, मोंढ्यातले हमाल, यांच्या चित्रणाची ऑर्डर कोण देणार? हे खरं आहे, आणि म्हणूनच नोंद नुसती जपून भागणार नाही. पण यातून निघणारा मार्ग शूटिंगवाल्याला बाजूला सारण्याचा नाही, त्याला वेगळ्या ऑर्डरी देण्याचा आहे. तेलंगणातल्या झहिराबादजवळच्या पस्तापूर इथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने दलित शेतकरी बायकांना कॅमेरा शिकवला. त्यांनी वारंगळच्या बीटी कापूस लावलेल्या शेतकऱ्यांचं हंगामभर चित्रण केलं आणि त्याचा माहितीपट २००३ मध्ये पुढे आला. ज्या वाणांना २००२ मध्ये देशात पहिल्यांदा परवानगी मिळाली, ते महिकोचे, म्हणजे जालन्यात वाढलेल्या कंपनीचे होते. माहितीपटातले निष्कर्ष कुणाला पटोत न पटोत, पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याच शेतांवर पुन्हा पुन्हा जाऊन त्याच माणसांना बोलतं करणं मुंबई-दिल्लीहून आलेल्या पथकाला परवडलं नसतं. मालेगावचं उदाहरण वेगळ्या अंगाने तेच सांगतं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. यंत्रमागाच्या गावातली माणसं नट झाली, फिरत्या शॉटसाठी सायकल वापरली. सगळा खेळ करमणुकीचा, पण त्यात मालेगावच्या गल्ल्या, बोली आणि विनोद उतरले. पुढे ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आणि ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट झाला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचं मोल कळलं. साधनं थोडी असली तरी गावातला माणूस गाव दाखवू शकतो. त्याला दोन वेळच्या जेवणाची चिंता न करता तसं करण्याची संधी मात्र कुणीतरी द्यावी लागते.

चौथा प्रश्न खासगीपणाचा, आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही. हळदीत नाचणाऱ्या बायकांना आपलं चित्र सार्वजनिक संग्रहात जावं असं वाटेलच असं नाही. मोडलेल्या लग्नाची फिल्म कुणाला नको असेल. लहान मुलांची संमती तर घेताच येत नाही. कायदाही इथे स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक ते करवून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचं चित्रण शूटिंगवाल्याने परस्पर कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही, आणि आपल्या जाहिरातीसाठी ते इन्स्टाग्रामवर टाकतानाही त्याने विचारायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीचा मुद्दा आणखी ठळक केला आहे. तेव्हा व्यवस्था करायची ती संमतीवरच उभी करावी लागेल. बुकिंगच्या पावतीवरच एक ओळ असावी: या चित्रणाची प्रत शहराच्या संग्रहाला द्यायची आहे का, आणि दिली तर ती किती वर्षांनी खुली करायची? लग्नकार्यासाठी पंचवीस-तीस वर्षांचा पडदा ठेवायला हरकत नाही. मिरवणूक, पालखी, सप्ताह, गॅदरिंगमधली नाटुकली, सभा, उद्घाटनं ही मुळातच चारचौघांतली कामं. तिथे संमती देणारं मंडळ किंवा संस्था एकच असते आणि अडचण फार कमी. सुरुवात तिथूनच करावी.

उरतो पैशाचा प्रश्न. रस्ते, पाणी, कचरा यांची ओरड असलेल्या नव्या महापालिकेने शूटिंगवर खर्च का करावा, असं कुणीही विचारील. खर्चाचा आकार पाहिला की उत्तर मिळतं. सगळं कच्चं चित्रण साठवायची गरजच नाही. प्रत्येक सार्वजनिक कार्यक्रमाची मूळ आवाजासह एक सलग फाइल, तिची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत, आणि तिच्यासोबत तारीख, ठिकाण, कार्यक्रम, चित्रण करणाऱ्याचं नाव आणि ओळखू येणाऱ्या चार माणसांची नावं असलेला अर्ध्या पानाचा कागद, एवढ्यावर काम भागतं. हा कागद डिस्कपेक्षाही महत्त्वाचा, कारण नाव नसलेला चेहरा तीस वर्षांनी मुका होतो. ठेवायची जागा तयार आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभं आहे, जालन्यात जुनी महाविद्यालयं आहेत, आणि पुण्यात १९६४ पासून काम करणाऱ्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जतनाचं शास्त्र आहे. ग्रंथालयाने पुस्तकांच्या शेजारी चार डिस्क ठेवणं आणि दर पाच वर्षांनी त्या नव्या डिस्कवर उतरवून घेणं हे मोठ्या योजनेचं काम नव्हे. त्याच्या जोडीला वर्षाला दहा-बारा ठरावीक ऑर्डरी निघाव्यात: कुंडलिकेचे दोन्ही काठ दरवर्षी त्याच पुलावरून, मोंढ्यातला हंगामाचा पहिला दिवस, कारखान्याच्या गेटवरची पाळीबदली, कारागिरांच्या मुलाखती, ज्यांना निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस आठवतात अशा वृद्धांचं बोलणं. या ऑर्डरी पावसाळ्यात द्याव्यात, कारण नेमक्या त्याच महिन्यांत शूटिंगवाल्याचा कॅमेरा कपाटात असतो आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू असतो. टाळेबंदीत लग्नाला आधी पन्नास आणि नंतर पंचवीस माणसांची मर्यादा आली तेव्हा हा धंदा किती उघड्यावर आहे हे दिसलंच. शहराची थोडी नियमित कामं मिळाली तर त्या माणसालाही आधार होईल आणि शहरालाही हवं ते मिळेल.

या सगळ्यात शूटिंगवाल्यांनी स्वतः करायचं तेही थोडं आहे. हायलाइट आणि फिल्मबरोबर मूळ आवाजाची एक सलग फाइल घरच्यांना द्यावी आणि ती जपायला सांगावी. फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा तसाच न ठेवता तारीख आणि गाव लिहावं. ज्यांच्याकडे जुनी मशीनं अजून चालू आहेत, त्यांनी टेपा उतरवून देण्याचं काम पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत घ्यावं. त्याला गिऱ्हाईक आहे आणि वेळ थोडा उरला आहे. घरच्यांनीही कपाटातली कॅसेट या वर्षी खाली काढावी, पुढच्या वर्षी नको. आणि शहराने या माणसाकडे पाहण्याची नजर बदलावी. राजेरजवाड्यांच्या पदरी बखरकार असत, निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळांसारखे छायाचित्रकार होते; त्यांनी काय नोंदवायचं हे दरबार ठरवत असे. लोकशाहीतल्या शहराला आपली नोंद करणारे शेकडो लोक आपोआप मिळाले आहेत, त्यांची हत्यारं त्यांनी स्वतः कर्ज काढून घेतली आहेत, आणि गावातलं प्रत्येक घर त्यांना दारातून आत घेतं. असा विश्वास कुठल्या सरकारी खात्याच्या वाट्याला येत नाही. नवीन जालन्याने एवढंच ठरवायचं आहे, की या लोकांनी जमवलेलं पुढच्या ऑर्डरीसाठी पुसलं जाऊ द्यायचं की त्यातला वाटा पुढच्या पिढीच्या नावे राखून ठेवायचा. एका ग्रंथालयात एक कपाट आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात एक ओळ, सुरुवातीला एवढ्याचीच गरज आहे, आणि ती या वर्षीच्या लग्नसराईआधी पुरी करता येण्यासारखी आहे.